स्पेसबारवर उभा केलेला मजकूर का कोसळतो? : इंडेंट आणि टॅबची ओळख

घरच्या संगणकावर नीटनेटके बसवलेले पत्र झेरॉक्सच्या दुकानात उघडावे आणि उजवीकडची सही पानाच्या मध्यावर आलेली, दिनांक अर्धा पुढच्या ओळीत गेलेला आणि रकमांचा रकाना वेडावाकडा झालेला दिसावा, हा अनुभव संगणकावर मराठी लिहिणाऱ्या बहुतेकांच्या ओळखीचा आहे. नागपुरात तर कागदपत्रांचा हंगाम कधी संपतच नाही. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरले की निवेदने निघतात, उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे शपथपत्रे जातात, विद्यापीठाकडे प्रबंध जातात आणि वर्षभर कोटेशने, बिले, अर्ज यांची ये-जा चालू असते. यातली एक फाइल घरचा संगणक, वकिलांचे कार्यालय आणि छपाईचे दुकान अशी तीन-चार ठिकाणी फिरते. कुठेतरी ती विस्कटते आणि दोष दुकानदारावर, फॉन्टवर किंवा अगदी व्हायरसवरही ढकलला जातो.

कारण बहुधा फाइलमध्येच असते. मजकुरातली मोकळी जागा स्पेसबार दाबून भरलेली असते. ती जागा कशी सोडायची असते आणि त्यासाठी वर्ड प्रोसेसरमध्ये कोणती सोय आहे, हे या लेखात पाहू. उदाहरणे मुख्यतः मायक्रोसॉफ्ट वर्डमधली आहेत. लिबर ऑफिस रायटरमध्येही या सर्व सोयी थोड्याफार वेगळ्या नावांनी आहेत.

समास, इंडेंट आणि टॅब

पहिला गोंधळ या तीन गोष्टींचा होतो. समास, म्हणजे मार्जिन, पानाचा असतो. कागदाच्या कडेपासून किती जागा कोरी ठेवायची ते तो ठरवतो. इंडेंट परिच्छेदाचा असतो. समासाच्या रेषेपासून तो परिच्छेद किती आत बसेल हे त्याने ठरते. टॅब एका ओळीच्या आतला असतो. ओळीतला पुढचा मजकूर कोणत्या जागेपासून सुरू व्हावा, हे तो सांगतो.

ज्याचे काम त्यालाच द्यावे, एवढे पथ्य पाळले तरी निम्म्या अडचणी उद्भवतच नाहीत. एक परिच्छेद आत घ्यायचा असताना पानाचा समास बदलला तर त्या विभागातली सगळी पाने बदलतात. संपूर्ण परिच्छेद आत घ्यायचा असताना प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला टॅब दिला, तर पुढे एखादा शब्द वाढताच त्यातले काही टॅब ओळीच्या मध्यभागी येऊन बसतात.

पाच स्पेस म्हणजे किती सेंटिमीटर?

टाइपरायटरवर या प्रश्नाला नेमके उत्तर होते. मात्रा-उकारांच्या काही कळा सोडल्या तर प्रत्येक कळ दाबल्यावर कागद धरणारी गाडी सारखीच पुढे सरकत असे. पायका मापाच्या यंत्रावर एका इंचात दहा अक्षरे बसत. म्हणजे पाच स्पेस म्हणजे बरोबर अर्धा इंच. परिच्छेदाच्या सुरुवातीला पाच स्पेस देण्याची सवय त्या काळात चुकीची नव्हती. आजही अनेक हात ती सवय घेऊनच कीबोर्डवर बसतात.

संगणकावरच्या फॉन्टमध्ये मात्र प्रत्येक अक्षराला वेगळी रुंदी असते. 'र' अरुंद असतो, 'ण' त्याहून रुंद आणि 'क्ष' आणखी ऐसपैस. स्पेसची रुंदीसुद्धा फॉन्ट बनवणाराच ठरवतो. त्यामुळे मंगल या फॉन्टमधल्या वीस स्पेस आणि कोकिला या फॉन्टमधल्या वीस स्पेस सारख्या लांबीच्या असतीलच असे नाही. झिरो माईलच्या स्तंभापासून दोन माणसे कस्तुरचंद पार्ककडे निघाली आणि दोघांनी मोजून तीनशे पावले टाकली, तरी ती एका जागी पोहोचणार नाहीत, कारण प्रत्येकाचे पाऊल वेगळे. तीच दोघे मेट्रोने गेली तर एकाच स्थानकावर उतरतील. स्पेस म्हणजे पाऊल आणि टॅब किंवा इंडेंट म्हणजे स्थानक, कारण त्याची जागा शून्यापासून सेंटिमीटरमध्ये मोजून पक्की केलेली असते.

आता फाइल दुसऱ्या संगणकावर गेली की पाऊल कसे बदलते ते पाहा. विंडोज ८ बरोबर निर्मला यूआय हा फॉन्ट आला आणि विंडोज १० मध्ये मंगल ऐच्छिक फॉन्टसंचात गेला. परिणामी एका संगणकावर मंगल असतो, दुसऱ्यावर नसतो. जिथे तो नसतो तिथे वर्ड न विचारता दुसरा फॉन्ट लावतो. मजकूर वाचता येतो, पण अक्षरांची आणि स्पेसची रुंदी बदललेली असते. शिवाय परिच्छेद दोन्ही बाजूंनी सरळ, म्हणजे जस्टिफाय केलेला असेल, तर ओळ भरून काढण्यासाठी वर्ड तिच्यातल्या स्पेसच ताणतो. म्हणजे स्पेसची लांबी एकाच पानावर ओळीगणिकही बदलू शकते.

पट्टीवरच्या खुणा

वर्डमध्ये पानाच्या वर मापाची एक पट्टी असते. ती दिसत नसेल तर व्ह्यू मेनूमधल्या 'रूलर'वर खूण करावी. तिच्यावरचे माप इंचांत असेल तर ऑप्शन्समधल्या ॲडव्हान्स्ड विभागात ते सेंटिमीटर करून घेता येते. या पट्टीवरचे शून्य कागदाच्या कडेला नसून डाव्या समासाच्या रेषेवर असते, हे लक्षात ठेवावे.

डाव्या टोकाला तीन लहान खुणा एकावर एक रचलेल्या असतात. वरचा, टोक खाली असलेला त्रिकोण परिच्छेदाची फक्त पहिली ओळ हलवतो. त्याखालचा, टोक वर असलेला त्रिकोण पहिली ओळ सोडून बाकीच्या ओळी हलवतो. सर्वांत खालचा चौकोन धरून ओढला तर दोन्ही त्रिकोण आपापसातले अंतर राखून एकत्र सरकतात, म्हणजे अख्खा परिच्छेद आत जातो. उजव्या टोकाला एकच त्रिकोण असतो. तो उजवीकडून आत घेण्यासाठी. या खुणा एकमेकींना इतक्या चिकटून असतात की भलतीच हातात येते. म्हणून माऊसचा बाण खुणेवर क्षणभर स्थिर ठेवावा, तिचे नाव दिसते. ओढताना ऑल्टची कळ दाबून धरली तर पट्टीवर नेमके माप उमटते.

माऊसने ओढण्यापेक्षा आकडे लिहिणे मला अधिक भरवशाचे वाटते. परिच्छेदावर उजवी क्लिक करून 'पॅराग्राफ' निवडले की लेफ्ट, राइट आणि स्पेशल असे रकाने दिसतात. 'स्पेशल'मध्ये 'फर्स्ट लाइन' निवडून १ सेंटिमीटर लिहिले की पहिली ओळ तेवढी आत जाते. वर्ड इथे आपण होऊन १.२७ सेंटिमीटर सुचवतो, म्हणजे तोच टाइपरायटरचा अर्धा इंच. छापील पुस्तकात एवढी मोठी जागा सहसा सोडत नाहीत आणि पत्रातही तीन-चतुर्थांश सेंटिमीटर पुरते. आणखी एक, पहिली ओळ आत घेतली असेल तर दोन परिच्छेदांमध्ये कोरी ओळ सोडण्याची गरज नाही. परिच्छेद बदलल्याचे एकदा सांगितले की पुरे.

अटी, कलमे आणि लटकता इंडेंट

सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित सोय म्हणजे 'हँगिंग इंडेंट'. यात पहिली ओळ बाहेर राहते आणि पुढच्या ओळी आत जातात. भाडेकरार, शपथपत्र किंवा निविदेच्या अटी यांत तो पावलोपावली लागतो.

एखादा वकिली कारकून शपथपत्र टाइप करतो आहे असे समजा. '१.' लिहून चार स्पेस दिल्या आणि 'मी शपथेवर असे कथन करतो की, मी नागपूर येथील कायमचा रहिवासी असून' इथे ओळ संपली. दुसरी ओळ आकड्याच्या खाली न येता 'मी'च्या खाली यावी, म्हणून त्याने एंटर दाबला आणि सात स्पेस दिल्या. तिसऱ्या ओळीलाही तेच केले. कागद सुंदर दिसतो. संध्याकाळी वकील साहेब सांगतात, 'नागपूर येथील' याऐवजी 'नागपूर शहरातील महाल भागातील' असे करा. दोन शब्द वाढतात, पहिल्या ओळीचे शेपूट खाली उतरते, पुढच्या एंटरला जाऊन अडते आणि उरलेली ओळ अर्धी कोरी राहते. आता प्रत्येक कलमातले एंटर आणि स्पेस शोधून काढून पुन्हा रचायचे.

हेच काम 'स्पेशल'मध्ये 'हँगिंग' निवडून १ सेंटिमीटर लिहिल्याने होते. मग '१.' लिहावे, एकदाच टॅब दाबावा आणि मजकूर लिहीत जावे. ओळ संपली म्हणून एंटर दाबू नये, कलम संपल्यावरच दाबावा. आत घेतलेली रेषाच इथे टॅबची जागा म्हणून काम करते, त्यामुळे पहिल्या ओळीतला 'मी' आणि खालच्या ओळींची पहिली अक्षरे आपोआप एका रेषेत येतात. पोटकलमासाठी लेफ्टमध्ये १ आणि हँगिंगमध्ये १ लिहावे, म्हणजे '(अ)' एक सेंटिमीटरवर आणि त्याचा मजकूर दोनवर बसतो. क्रमांकच लांब असेल, उदाहरणार्थ '१२(अ)(२)', तर तो एका सेंटिमीटरमध्ये मावणार नाही आणि टॅब पुढच्या जागेवर उडी मारेल. अशा वेळी हँगिंगचे माप वाढवावे. लिबर ऑफिसमध्ये हाच परिणाम मजकुराआधीचे अंतर १ आणि पहिली ओळ उणे १ असे लिहून मिळतो.

क्रमांक नंबरिंगच्या बटणाने आपोआप टाकले असतील तर इंडेंटची मापे त्या यादीकडून येतात. पट्टीवर एकेका परिच्छेदाच्या खुणा ओढत बसण्यापेक्षा क्रमांकावर उजवी क्लिक करून 'ॲडजस्ट लिस्ट इंडेंट्स' उघडावे आणि मापे तिथे बदलावीत.

टॅब दाबला की दर वेळी वेगळेच अंतर का पडते?

टॅबविरुद्धची ही नेहमीची तक्रार आहे. तिचे उत्तर असे की टॅबला स्वतःची लांबी नसतेच. आपण काहीही ठरवले नसेल तेव्हा वर्ड दर अर्ध्या इंचावर एक अदृश्य टॅबस्टॉप धरून चालतो आणि टॅबची कळ मजकुराला पुढच्या सर्वांत जवळच्या स्टॉपवर नेऊन ठेवते. डावीकडचे नाव 'राम' असेल तर स्टॉप दूर असतो, 'रामचंद्र' असेल तर अगदी जवळ किंवा मागे पडलेला असतो. म्हणून एका ओळीला तीन टॅब लागतात आणि दुसरीला दोनच. लोक टॅब मोजून देऊ लागतात आणि पुन्हा स्पेसबारच्याच वाटेला लागतात.

त्यापेक्षा आपला स्टॉप आपणच ठरवावा. पट्टीवर ६ सेंटिमीटरवर क्लिक केले की तिथे लहान खूण उमटते आणि तिच्या डावीकडचे सगळे अदृश्य स्टॉप त्या परिच्छेदापुरते रद्द होतात. आता नाव कितीही आखूड असो, एकच टॅब पुरतो. खूण नको असेल तर ती पट्टीवरून खाली ओढून सोडून द्यावी.

पट्टीच्या डाव्या टोकाला एक छोटा चौकोन असतो. त्यावर क्लिक करत गेले की टॅबचे प्रकार बदलतात. डाव्या टॅबपासून मजकूर उजवीकडे वाढतो, उजव्या टॅबपासून डावीकडे, आणि मधल्या टॅबवर तो दोन्हीकडे सारखा पसरतो. दशांश टॅब आकड्यांमधला दशांशबिंदू एका उभ्या रेषेत आणतो. बार नावाचा टॅब फक्त उभी रेघ काढतो, त्याचे काम क्वचितच पडते.

रकमांसाठी दशांश टॅबला तोड नाही. मंडपवाल्याच्या कोटेशनमध्ये खुर्च्यांचे ९५०.५० आणि मंडपाचे १२,३४०.०० एकाखाली एक लिहायचे असतील, तर डाव्या टॅबने त्यांचे पहिले अंक जुळतात आणि बेरीज पाहणाऱ्याचा डोळा फसतो. दशांश टॅबने एककाखाली एकक आणि पैशांखाली पैसे येतात.

टॅबने सोडलेली जागा कोरीच असली पाहिजे असेही नाही. खुणेवर दोनदा क्लिक केल्यावर उघडणाऱ्या चौकटीत 'लीडर' असा पर्याय असतो. त्यात ठिपके, तुटक रेघ किंवा सलग रेघ निवडता येते. अनुक्रमणिकेत प्रकरणाचे नाव आणि पान क्रमांक यांना जोडणारी ठिपक्यांची रांग अशीच बनते. छापील फॉर्ममध्ये 'संपूर्ण नाव', 'पत्ता', 'मोबाइल क्रमांक' यांपुढच्या रेघाही याच रीतीने घ्याव्यात. टिंबाची कळ दाबून धरून काढलेल्या रेघा कधीच एका जागी संपत नाहीत, उजव्या टॅबला लीडर लावून काढलेल्या सगळ्या रेघा समासाच्या रेषेवर संपतात.

दिनांक आणि सही

पत्रात सर्वाधिक स्पेस खर्ची पडतात त्या या दोन जागांवर. ए-४ कागद २१ सेंटिमीटर रुंद असतो. दोन्ही समास अडीच सेंटिमीटरचे ठेवले तर मजकुराला १६ सेंटिमीटर उरतात. 'स्थळ : नागपूर' डावीकडे आणि 'दिनांक' त्याच ओळीत उजव्या कडेला हवा असेल, तर पट्टीवर १६ सेंटिमीटरला उजवा टॅब लावावा, 'स्थळ : नागपूर' लिहून एकदा टॅब दाबावा आणि दिनांक लिहावा. तारीख एका अंकाची असो की दोन, तिचा शेवट कडेलाच राहतो.

सहीला टॅब नको, इंडेंट हवा. 'आपला विश्वासू', सहीची जागा, नाव आणि हुद्दा या ओळी एकत्र निवडून डावा इंडेंट १० सेंटिमीटर करावा आणि मग 'सेंटर'चे बटण दाबावे. उजवीकडे उरलेल्या सहा सेंटिमीटरच्या पट्ट्यात चारही ओळी एकमेकींच्या मधोमध बसतात, नाव कितीही लांब असले तरी. हे एकदा केलेले पाहिले की माणूस पुन्हा स्पेसबारकडे जात नाही, असे मी ठामपणे म्हणेन.

एक मर्यादा सांगितली पाहिजे. टॅबचे माप डावीकडून मोजलेले असते, त्यामुळे उजवा समास बदलला किंवा ए-४ ऐवजी लीगल कागद घेतला, तर १६ सेंटिमीटरवरचा टॅब आपोआप नव्या कडेला जात नाही. पानाच्या वरच्या हेडरमध्ये पान क्रमांक कडेच्या थोडा अलीकडेच राहतो, तोही बहुतेकदा यामुळेच. हेडरमध्ये 'इन्सर्ट अलाइनमेंट टॅब' वापरला तर तो समासाच्या हिशेबाने बसतो आणि समासाबरोबर हलतो.

मग सरळ टेबलच का करू नये?

पुष्कळदा करावे. रकान्यातला मजकूर एका ओळीत मावणार नसेल, तर टॅबने केलेले रकाने लगेच फुटतात, कारण टॅबला फक्त चालू ओळ माहीत असते. याचिकेच्या सुरुवातीची कागदपत्रांची यादी, जिथे तपशील दोन-तीन ओळींचा असतो, ती टेबलमध्येच शोभते. रेघा नको असतील तर बॉर्डर काढून टाकता येते. दर ओळीत एकेक छोटा तुकडा असेल तिथे टॅब सुटसुटीत. टेबलच्या आत टॅबची कळ दाबली की पुढच्या चौकटीत जायला होते. चौकटीच्या आतच टॅब द्यायचा असेल तर कंट्रोल धरून टॅब दाबावा.

'आम्हाला फक्त प्रिंट काढायची आहे'

हा आक्षेप अगदीच चुकीचा नाही. एकदाच लिहायचे, त्याच संगणकावरून छापायचे आणि फाइल पुसून टाकायची असेल, तर स्पेसने काही बिघडत नाही. दुसऱ्याकडे पाठवायची झाल्यास पीडीएफ करून पाठवली तरी मांडणी शाबूत राहते. अडचण दुरुस्तीच्या वेळी येते. गेल्या वर्षीचे निवेदन तारीख बदलून यंदा द्यायचे असते, एकाचा करार दुसऱ्याच्या नावाने करायचा असतो. त्या वेळी पीडीएफ कामाची नसते, मूळ फाइलच उघडावी लागते आणि तिच्यातली प्रत्येक स्पेस आडवी येते.

एका परिच्छेदाला लावले, बाकीच्यांना का नाही लागले?

इंडेंट आणि टॅब ही परिच्छेदाची मालमत्ता आहे आणि वर्ड ती परिच्छेदाच्या शेवटच्या अदृश्य खुणेत साठवतो. एंटर दाबून तयार झालेला नवा परिच्छेद ती वारशाने घेतो. आधीच लिहून झालेल्या परिच्छेदांना मात्र ती निवडल्याशिवाय लागत नाही. म्हणून सगळे परिच्छेद आधी निवडावेत, मग पट्टीला हात लावावा.

दोनशे पानांच्या प्रबंधात असे निवडत बसणे शक्य नसते. तिथे 'स्टाइल' वापरावी. स्टाइल म्हणजे नाव दिलेला मापांचा संच. मुख्य मजकुराला 'बॉडी टेक्स्ट' ही स्टाइल लावून तिच्यात 'मॉडिफाय' करून इंडेंट ठरवला, की मार्गदर्शकांनी ऐनवेळी माप बदलायला सांगितले तरी एका जागी बदल केल्याने काम भागते. हा बदल 'नॉर्मल' या स्टाइलमध्ये मात्र करू नये. बाकीच्या अनेक स्टाइल तिच्यावरच आधारलेल्या असतात, त्यामुळे टेबलांतला मजकूर आणि कधी शीर्षकेही आत सरकून बसतात.

जुनी फाइल कशी साफ करावी?

आधी मूळ फाइलची प्रत करून ठेवावी. मग होम मेनूमधले उलट्या इंग्रजी 'पी'सारखे दिसणारे बटण दाबावे, किंवा कंट्रोल, शिफ्ट आणि ८ एकत्र दाबावे. स्पेस ठिपक्यांच्या, टॅब बाणांच्या आणि एंटर त्या उलट्या 'पी'च्या रूपात दिसू लागतात. सहीच्या आधी ठिपक्यांची रांगच्या रांग दिसली की फाइल कशी बनली आहे ते कळते.

पुढचे काम 'रिप्लेस'चे, त्यासाठी कंट्रोल आणि एच. शोधायच्या रकान्यात दोन स्पेस, बदलायच्या रकान्यात एक स्पेस लिहून 'रिप्लेस ऑल' करावे आणि बदललेल्यांची संख्या शून्य येईपर्यंत ते पुन्हा पुन्हा करावे. टॅबही असेच शोधता येतात. 'मोअर' आणि मग 'स्पेशल' यावर क्लिक केले की यादीत 'टॅब कॅरॅक्टर' सापडतो. मात्र टॅब सरसकट पुसू नयेत, त्यांतले काही योग्य जागीच असतात. ओळीच्या शेवटी उगाच दिलेले एंटर हाताने काढावे लागतात, कारण परिच्छेद खरोखर संपला आहे की नुसती ओळ, हे वर्डला सांगता येत नाही. शेवटी विस्कटलेला परिच्छेद निवडून कंट्रोल आणि क्यू दाबले की त्याच्यावर हाताने केलेली सगळी इंडेंट-टॅबची मापे निघून जातात आणि तो आपल्या मूळ स्टाइलवर येतो. मग त्याला हवी ती मापे नव्याने द्यावीत.